रक्त वाढेना, वर्ष सरलं

कळंब तालुक्यातल्या आमच्या घरी आक्कांच्या कपाटात रक्तवाढीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं रबर लावून ठेवलेली असायची. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वर्षभरात त्यांनी एक दिवस गोळी चुकवली नाही. आशाताई चौकशीला आल्या की त्या म्हणायच्या, "गोळ्या तर चालूच हायेत बाई, पर रगत काय वर सरकंना." दर तपासणीत हिमोग्लोबिन आठच्या आगेमागे. प्रौढ बाईचं ते निदान बारा असावं लागतं.

घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. निम्म्या बायाच फिकट असल्या की आणखी एकीचा फिकटपणा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आक्कांचं दुखणं मात्र वेगळं होतं. त्यांना संधिवात होता. म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे, तर शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो. सकाळी तास-दीड तास मुठी वळायच्या नाहीत. भाकरी थापणं सुटलं, सोयाबीनच्या काढणीला जाणं सुटलं. आमच्या धाराशिवहून बार्शीमार्गे पुण्याला जाताना भिगवण लागतं. तिथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, तेव्हा दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला हा आजार असल्याचं दिसलं. म्हणजे मोठ्या गावात असे दहा-पंधरा जण निघतील, आणि त्यांतल्या बहुतेक बाया असतील.

या आजारात रक्त का कमी होतं, हे आम्हांला फार उशिरा कळलं. अंगात सूज धुमसत असली की इंटरल्युकिन-६ नावाचा पदार्थ वाढतो आणि त्याच्या सांगण्यावरून यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या बळदाचं तोंड लिंपून टाकलं तर आत धान्य असूनही जात्यात पडत नाही; हेप्सिडिन लोहाचं तसंच करतं. साठ्यातलं लोह बाहेर येऊ देत नाही आणि आतड्यातून नवं आत घेऊ देत नाही. कुणी सांगितलं म्हणून आक्कांनी शेळीचं काळीज खाल्लं, गूळ-शेंगदाणे खाल्ले, बीट खाल्लं. खाण्यात काही चूक नव्हती, पण बळदाचं तोंडच बंद होतं.

याच वर्षात दुसरी गोष्ट घडत होती, आणि तिचा दोष आम्हां घरच्यांचाच. दुखणं सहन होईना की घरातलं कुणी तरी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून द्यायचं. कधी उपाशीपोटी, कधी दिवसातून दोनदा, वर स्टिरॉइडची गोळी चालूच. या दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या की जठराला जखम होऊन थेंब थेंब रक्त जाण्याचा धोका बराच वाढतो. आक्कांना शौचाला काळं होत होतं. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून तो रंग कुणी मनावर घेतला नाही. डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं असेल तर ते रक्त असू शकतं, एवढं माहीत असतं तर वर्ष वाया गेलं नसतं.

एका तपासणीत फेरिटिन ९० आलं. "लोह भरपूर आहे," असं सांगून आम्हांला परत पाठवलं गेलं. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, हे खरं. पण सूज असली की तो आकडा आपोआप फुगतो. संधिवाताच्या माणसात शंभराच्या आतलं फेरिटिन आणि जोडीला २० टक्क्यांच्या आतलं ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती लोह भरलंय त्याचं प्रमाण) असेल, तर लोहाची खरी कमतरता असण्याची दाट शक्यता असते. आक्कांचं सॅच्युरेशन ८ होतं. ही तपासणी सोलापूरच्या संधिवाततज्ज्ञ डॉक्टरांनी पहिल्यांदा केली. त्यांनी आक्कांना पहिलाच प्रश्न शौचाच्या रंगाचा विचारला, आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितलं.

दुर्बिणीतून जठरात व्रण दिसला. दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या, व्रणावर उपचार झाले आणि लोह शिरेतून दिलं गेलं. शिरेतून दिलेल्या लोहाला आतड्यातली ती बंद वाट ओलांडावी लागत नाही. मात्र अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असताना ते लावून घेऊ नये.

तरी सूज होतीच. संधिवाताचं औषध मेथोट्रेक्सेट पुरेसं पडेना, तेव्हा डॉक्टरांनी बायोलॉजिक इंजेक्शन सुचवलं. (मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर अस्थिमज्जा दबते, तोंडात फोड येतात, जिवावर बेतू शकतं. घरातल्या दिनदर्शिकेवर वार लिहून ठेवा.) ही इंजेक्शनं सूज पेटवणाऱ्या एकेका नेमक्या दुव्यावर काम करतात. सूज विझली की हेप्सिडिन उतरतं आणि हिमोग्लोबिन काही आठवडे ते दोन-तीन महिन्यांत वर येऊ लागतं. त्यांतलं टोसिलिझुमॅब थेट इंटरल्युकिन-६ चीच वाट अडवतं, त्यामुळे रक्तक्षयावर त्याचा गुण जास्त दिसतो. २०२१ च्या करोना लाटेत याच औषधासाठी नातेवाईक शहरोशहरी वणवण करत होते. पण ते घेताना ताप आणि सीआरपी (रक्तातून सूज दाखवणारी तपासणी) दोन्ही दबून राहतात, आत संसर्ग वाढत असला तरी कळत नाही. नुसत्या हिमोग्लोबिनकडे बघून औषध मागू नये, निवड डॉक्टरांची.

आक्कांना ॲडॅलिमुमॅब हे दुसरं बायोलॉजिक सुरू करायचं ठरलं. २०१४ च्या डिसेंबरात झायडसनं त्याची देशी आवृत्ती अमेरिकेतल्या किमतीच्या सुमारे एक-पंचमांशात आणली, म्हणून आमच्यासारख्यांना तो विचार तरी करता आला. तरीही पहिल्या डोसांसाठी दोन उस्मानाबादी शेळ्या विकाव्या लागल्या.

इंजेक्शनाआधी क्षयाची तपासणी होते, छातीचा एक्स-रे होतो, कावीळ बी आणि सी बघतात. आक्कांच्या अंगात क्षयाचे जंतू सुप्त निघाले. ही इंजेक्शनं त्या झोपलेल्या क्षयाला जागं करू शकतात, म्हणून आधी निदान महिनाभर प्रतिबंधक औषध घ्यावं लागतं. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. घरात कुरकुर झाली, "आणिक एक महिना?" तो महिना थांबलो, हे आमच्या हातून झालेलं शहाणपण.

पुढची चूक फ्रिजनं केली, म्हणजे आम्हीच केली. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. मी ते जास्त गार राहावं म्हणून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. गोठलेलं औषध कामातून गेलं, अख्खा डोस फेकावा लागला. आता आम्ही ते दाराच्या कप्प्यातही ठेवत नाही, मधल्या फळीवर आत ठेवतो. सोलापूरहून एसटीनं आणताना बर्फाची पाकिटं घातलेल्या डब्यात, इंजेक्शनाला बर्फ थेट लागणार नाही असं गुंडाळून आणतो.

इंजेक्शनाच्या पाचव्या महिन्यात आक्कांचं हिमोग्लोबिन ११.४ आलं. कार्तिकात त्यांनी भाकरी थापली, तिच्या कडा जरा वाकड्या होत्या.

तुमच्या घरात संधिवाताचं माणूस असेल आणि महिनोन्‌महिने गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर पुढच्या खेपेला मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांसकट सगळी पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा. शौचाचा रंग न लाजता सांगा. फेरिटिनबरोबर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि सीआरपी करायचं का, हे विचारा. लोह नीट शोषलं जावं म्हणून जेवणाला लागूनचा चहा तासभर पुढे ढकला. खर्चाची अडचण असेल तर सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, चक्कर येत असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका; त्याच दिवशी दवाखाना गाठा.