हौशी बुद्धिबळपटूचा अभ्यास आणि त्याचे मोजमाप

नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून उरलेल्या वेळात बुद्धिबळ खेळणारा माणूस म्हणजे हौशी खेळाडू. वेळ हेच त्याचे खरे भांडवल असते, आणि ते फार थोडे असते. रोज एक तास काढता आला, तर महिन्याला तीस तास हाती येतात. हे तीस तास कसे खर्च करावेत, आणि महिनाअखेर आपण पुढे सरकलो की नाही हे कशावरून ठरवावे, असे दोन प्रश्न त्याच्यापुढे असतात. पहिल्या प्रश्नावर पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले आहेत. दुसऱ्याकडे सहसा दुर्लक्ष होते. आणि वर्ष-दोन वर्षे नेटाने अभ्यास करून ‘आपल्या अंगी हा गुणच नाही’ अशा समजुतीने पट मिटवून ठेवणारे खेळाडू बहुधा या दुसऱ्या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराचे बळी असतात.

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर इमॅन्युएल लास्कर यांनी दिले आहे. लास्कर हे १८९४ पासून १९२१ पर्यंत जगज्जेते होते आणि गणितज्ञही होते. आपल्या प्रसिद्ध पाठ्यग्रंथाच्या शेवटी त्यांनी बुद्धिबळाच्या शिक्षणाचे चक्क अंदाजपत्रक मांडले. एकूण दोनशे तास. त्यांपैकी खेळाचे नियम व सराव यांना पाच तास, डावाच्या अंताची मूलतत्त्वे शिकण्यास पाच, काही सुरुवातींना दहा, चालींच्या जोडणीला वीस, स्थितीच्या खेळाला चाळीस. आणि उरलेले एकशेवीस तास प्रत्यक्ष खेळणे व खेळलेल्या डावांचे विवेचन यांना. एवढे केल्यावर विशेष प्रतिभा नसलेला तरुणही, उस्तादाने एखादा मोहरा कमी घेऊन खेळण्याची सवलत दिल्यास खात्रीने जिंकेल, असा त्यांचा दावा होता.

हे प्रमाण तीस तासांना लावून पाहावे. अठरा तास खेळ व विवेचन, सहा तास स्थितीचा खेळ, तीन तास जोडणी, दीड तास सुरुवातीच्या चाली, आणि उरलेला दीड तास नियम व अंत यांत निम्मा-निम्मा. ज्याचे नियम पक्के आहेत त्याने तो पाऊण तासही अंताला द्यावा. हौशी खेळाडूच्या कपाटाकडे नजर टाकली, तर नेमके उलट चित्र दिसते. तेथे सुरुवातीच्या चालींची पुस्तके दाटीवाटीने उभी असतात आणि अंताचे एखादे पुस्तक, तेही न उघडलेले, कोपऱ्यात असते. याचे कारण समजण्यासारखे आहे. सुरुवात पाठ करता येते, पाठ केल्याचे समाधान लगेच मिळते. पण प्रतिस्पर्ध्याने सातवी चाल पुस्तकाबाहेरची केली की ते समाधान संपते. पंजाबचे मीर सुलतान खान १९२९ मध्ये इंग्लंडला गेले, तेव्हा देशी पद्धतीच्या खेळात मुरलेल्या या खेळाडूला युरोपीय सुरुवातींचे ज्ञान अगदी बेताचे होते. तरीही त्यांनी त्याच वर्षी, आणि पुन्हा १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. त्यांची प्रतिभा असामान्य होती हे खरे, म्हणून या उदाहरणाचा फार ताणून अर्थ लावू नये. सुरुवात कच्ची असली की सारे संपले असे मात्र नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

जोडणीच्या अभ्यासाला लास्कर यांनी दिलेले वीस तास आज बऱ्याच शिक्षकांना अपुरे वाटतात. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातील मांडणी अवघी पाच सेकंद दाखवली, तर उस्तादाला चोवीसच्या आसपास मोहऱ्यांपैकी सुमारे सोळांच्या जागा आठवत, नवशिक्याला चारांच्या. मोहरे वाटेल तसे मांडले, की हा फरक बहुतांशी नाहीसा होई. उस्तादाची स्मरणशक्ती मोठी नसते. त्याला ओळखीच्या आकृत्या दिसतात, इतकेच. आकृती ओळखीची होण्यास ती पुनःपुन्हा पाहावी लागते. याच कल्पनेचे टोक मायकेल दे ला मझा या अमेरिकन हौशी खेळाडूने गाठले. एक हजार कोडी त्याने सात फेऱ्यांत सोडवण्याचा क्रम आखला: पहिली फेरी चौसष्ट दिवसांची, दुसरी बत्तीस, आणि प्रत्येक वेळी निम्मे करीत सातवी एकाच दिवसाची. चारशे दिवसांत चारशे गुणांची वाढ झाल्याचे त्याने लिहिले. पद्धतीचा गाभा ग्राह्य आहे. परंतु संसारी माणसाने एका दिवसात हजार कोडी सोडवण्याच्या भानगडीत पडू नये; रोज वीस मिनिटे आणि चुकलेल्या कोड्यांची पुनरावृत्ती एवढेही पुष्कळ होते.

आता अठरा तासांच्या मुख्य भागाकडे वळू. खेळलेला डाव लिहून ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मांडणे, हा या भागाचा प्राण होय. माजी जगज्जेते मिखाईल बोट्विनिक यांनी स्वतःच्या डावांवर टीपा लिहिण्याचा आग्रह आयुष्यभर धरला. आज संगणक क्षणार्धात चूक दाखवतो, त्यामुळे हा आग्रह अधिकच महत्त्वाचा झाला आहे. संगणकाला आधी विचारले तर चूक कळते, पण ती का झाली हे कळत नाही. म्हणून प्रथम खेळाडूने ‘या चालीच्या वेळी मनात काय होते’ ते लिहावे, आणि मगच यंत्राचा कौल घ्यावा.

समजा, एका डावात दोन्ही बाजूंना एकेक हत्ती आणि पांढऱ्याकडे एक प्यादे उरले आहे. काळ्याने सुटकेच्या भावनेने हत्तीला हत्ती दिला. आता पांढरा राजा ई५ वर, प्यादे ई४ वर, काळा राजा ई७ वर आहे आणि चाल काळ्याची आहे. त्याला बाजूला व्हावेच लागते. तो डी७ वर गेला की पांढरा राजा एफ६ वर शिरतो, प्याद्याला वाट करून देतो आणि प्याद्याचा वजीर होतो. हीच मांडणी असून चाल पांढऱ्याची असती, तर तो ज्या बाजूला वळेल त्या बाजूला काळा राजा पुन्हा समोर उभा राहता आणि डाव बरोबरीत सुटता. टीपेत ‘अंतात हरलो’ असे लिहून उपयोग नाही. ‘मारामारीनंतर चाल कोणाची राहील हे मोजले नाही’ असे लिहावे. या नोंदीतून पुढील महिन्याचा धडा आपोआप मिळतो.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. अर्पाद एलो या प्राध्यापकांनी सिद्ध केलेली गुणांकनाची पद्धत फिडे या जागतिक महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. पूर्वी वर्षाकाठी प्रसिद्ध होणारी यादी २०१२ पासून दरमहा निघते, आणि तेव्हापासून हौशी खेळाडूची दर महिन्याची झोपही तिच्याशी बांधली गेली आहे. पद्धत सोपी आहे. दोनशे गुणांनी वरचढ खेळाडूविरुद्ध एका डावात सुमारे पाव गुण अपेक्षित असतो, तुल्यबळाविरुद्ध अर्धा. अपेक्षेपेक्षा मिळालेला जादा गुण, पहिले तीस डाव पूर्ण केलेल्या सामान्य प्रौढ खेळाडूच्या बाबतीत, विसाने गुणला जातो.

तुल्यबळांशी नऊ डाव झाले, तर साडेचार गुण अपेक्षित. सहा मिळाले तर तीस गुणांची वाढ, तीन मिळाले तर तीसांची घट. आता नाणे नऊ वेळा उडवून पाहावे. सहा किंवा अधिक वेळा छाप पडण्याचा संभव जवळजवळ चारांत एक आहे, आणि तीन किंवा कमी वेळा पडण्याचाही तितकाच. म्हणजे काहीही न शिकलेल्या, काहीही न विसरलेल्या खेळाडूच्या निम्म्या महिन्यांत तीस गुणांची चढ-उतार निव्वळ योगायोगाने दिसू शकते. बरोबरीच्या डावांमुळे ही अस्थिरता काहीशी कमी होते, पण नाहीशी होत नाही. एका महिन्याच्या आकड्यावरून अभ्यासाची पद्धत बदलणे म्हणजे एका सरीवरून पावसाळा ठरवणे होय. पन्नास-साठ डावांनंतर आकडा काही सांगू लागतो.

तोपर्यंत टीपांची वहीच अधिक विश्वासू असते. समजा, पहिल्या महिन्यात नऊ पराभव झाले. पाच वेळा मोहरा फुकट गेला, दोनदा घड्याळाने घात केला, दोन डाव अंतात गेले. चौथ्या महिन्यातही पराभव आठ आहेत आणि गुणांकन उलट वीसाने उतरले आहे. पण मोहरा फुकट जाण्याच्या नोंदी दोन, घड्याळाची एक आणि अंतातील पाच आहेत. जे डाव पूर्वी विसाव्या चालीतच संपत, ते आता पन्नासाव्या चालीपर्यंत पोहोचू लागले आहेत. पाचव्या महिन्याच्या अंदाजपत्रकात सुरुवातीच्या चालींना एकही तास नाही. अंताला मात्र दीडऐवजी पाच तास आहेत, आणि त्यांतील पहिला तास राजा व एका प्याद्याचा आहे.