पांढरं जाणं आणि माझी स्लाइड

मानकोली नाक्याजवळच्या छोट्या लॅबमध्ये मी स्लाइड बघते. समोर गोदामं आणि कंटेनरची रांग. 'अंगावरून पांढरं जातं' म्हणत येणाऱ्या बऱ्याच बाया पॅकिंगच्या कामावरच्या. जेवणाच्या सुट्टीत येतात, एक डोळा घड्याळावर.

१. स्वॅबच्या आधी विचारावं, "ताई, मेडिकलमधून गोळी घेतली का?" बहुतेकींची मान खाली जाते. बुरशीवरची १५० मिलिग्रॅमची फ्लुकोनाझोल पोटात गेली असेल, तर स्वच्छ स्लाइडवर भरवसा ठेवू नये.

२. पोटॅशला वेळ द्यावा. स्रावाचा एक थेंब सलाइनमध्ये, दुसरा १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये. पोटॅशमध्ये पेशी विरघळतात, बुरशी तेवढी टिकते. नवी होते तेव्हा मी लगेच बघून मोकळी व्हायची. एकीला 'बुरशी नाही' असा रिपोर्ट दिला. चहा घेऊन आले, सहज पुन्हा डोकावले, तर कोपऱ्यात लांब धागा आणि त्याला कोंब फुटलेले दाणे, कढीपत्त्याच्या काडीसारखे! बाई केव्हाच कामावर परतली होती. फोन करून बोलावलं, शिव्याही खाल्ल्या. तेव्हापासून 'दिसली नाही' एवढंच लिहिते.

३. सलाइनची स्लाइड मात्र लगेच बघायची. ट्रायकोमोनास हा परजीवी गार पडला की वळवळ थांबते आणि मग तो पांढऱ्या पेशींत हरवतो. एसीखाली ट्रे ठेवणाऱ्यांना हात जोडून सांगते.

४. पीएचची पट्टी स्वस्त, म्हणून कुणी वापरत नाही. बुरशीत पीएच सहसा ४.५ च्या वर जात नाही. वर गेला आणि पोटॅश पडताच मासळीचा वास आला, तर मामला जिवाणूंचा. सरकारी हिरव्या किटमध्ये जिवाणूंवरचं सेक्निडॅझोल आणि बुरशीवरची फ्लुकोनाझोल एकत्र देतात, त्याला मी पूर्वी नावं ठेवायची. पण जिथे मायक्रोस्कोपच नाही, तिथे दुसरं काय करणार?

५. कल्चर सरसकट नको. १० ते २० टक्के धडधाकट बायकांतही कॅन्डिडा ही बुरशी सापडते. त्रास नसेल तर औषध कशाला? पण पुन्हापुन्हा होत असेल, गोळी लागू पडत नसेल, तर करावंच. रंगीत अगारवर कॅन्डिडाची अल्बिकन्स ही जात हिरवी उगवते, क्रुसाय गुलाबी. क्रुसायला फ्लुकोनाझोल चालतच नाही.

६. तिसऱ्यांदा आलेल्या एकीची डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली. तीनशेच्या वर निघाली. ती म्हणाली, "पण मी तर चहासुद्धा बिनसाखरेचा पिते."