शास्त्राभ्यास : गरजवंताचा सरवा

शास्त्रपाठ : लेवीय 19:9-10, रूथ 2:1-17



गेल्या नाताळाआधी आम्ही एका पाड्यावर कपडे वाटायला गेलो होतो. गाठोडे मीच बांधले होते. एका आईने त्यातून एक फ्रॉक काढला. चेन तुटलेली, बगलेत उसवलेला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे विचारले, "ताई, तुमच्या घरी हा कुणी घालील का?" मला उत्तर देता आले नाही. परतताना रूथची गोष्ट मनात घोळत राहिली.

नियमशास्त्रात देवाने इस्राएलाला सांगितले की, शेताच्या कडा कापू नयेत आणि पडलेला सरवा वेचू नये. तो गरीब व परदेशी यांच्यासाठी ठेवावा. म्हणजे गरिबाचा वाटा कणगी भरल्यावर उरेल त्यातून नव्हे, तर कापणी चालू असतानाच राखला जाई. नकोसे झालेले देणे याला शास्त्र दान म्हणत नाही.

रूथ विधवा होती, मवाबी म्हणजे परकी होती. बवाजाने तिच्यासाठी नियमापलीकडे तीन गोष्टी केल्या.

1. सुरक्षितता दिली (2:9). तिला कोणी त्रास देऊ नये अशी गड्यांना ताकीद दिली.

2. पंगतीला बसवले (2:14). जेवणाच्या वेळी तिला जवळ बोलावून भाजलेले धान्य दिले.

3. अब्रू राखली (2:15-16). पेंढ्यांतून मुद्दाम कणसे टाकायला सांगितले, आणि तिला कोणी बोलू नये असेही बजावले.

संध्याकाळी तिने झोडपलेले सातू सुमारे एफाभर भरले. ते तिच्या स्वतःच्या कष्टाचे होते.

आपल्या कामातील अनेक कातकरी कुटुंबे भातकापणीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा मध्येच सुटते. ही माणसे आळशी नाहीत. कष्ट करूनही कर्जातच राहतात. त्यांना आपले जुने कपडे मिळाले म्हणजे सरवा राखला असे होत नाही. मुलाची वसतिगृहातील सोय, पेरणीच्या वेळी बियाणे, जातीच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात सोबत : यात त्यांचे कष्टही टिकतात आणि मानही.

आपण कोणाला मदत करतो आहोत हे बवाजाला पुरते ठाऊक नव्हते. पुढे त्याच रूथचे नाव प्रभू येशूच्या वंशावळीत आले (मत्तय 1:5).

मननासाठी प्रश्न

1. माझ्या मिळकतीची कोणती 'कड' मी आधीच राखून ठेवतो?
2. मी देतो ती वस्तू माझ्या मुलाला घालीन किंवा खाऊ घालीन का?
3. घेणाऱ्याचे नाव मला ठाऊक आहे का? मी त्याच्यासोबत कधी जेवलो आहे का?

प्रार्थना : हे प्रभू, आम्हांला देणारे हात दे, आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देणारे मन दे. आमेन.