नाडीचा काच आणि जेलमधील त्वचा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने पेशीविज्ञानावर लिहावे हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु हा विषय माझ्याकडे पुस्तकातून आला नाही. तो एका छोट्या बाटलीतून आला. ती बाटली मी कतारगामच्या रस्त्याने, रिक्षात, मांडीवर धरून नेली होती.

दिवाळीच्या सुटीत मी सुरतेला मावशीकडे गेले होते. कतारगाम ही हिऱ्यांच्या कारखान्यांची वस्ती. काका घंटीवर हिरे घासतात, मावशी घरी बसून साड्यांवर खडे आणि टिकल्या लावते. सकाळपासून मांडी घालून, पुढे वाकून. तिच्या कमरेच्या उजव्या अंगाला, परकराच्या नाडीची गाठ येते तिथे, एक जखम होती. "नाडी काचते गं, दुसरं काय?" असे म्हणून तिने दोन वर्षे हळद आणि खोबरेल तेलावर काढली होती. काकांनाही सांगितले नव्हते. मला दिसली तीही डोक्यावरून न्हायला पाणी घालताना. जखमेच्या कडा जाड, उचललेल्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी हट्टाने तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कडेचा एक लहान तुकडा काढला, फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला आणि तपासणीला पोचवायला माझ्या हाती दिला. निदान आले : स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील पेशींचा कर्करोग.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जखमेभोवतीची चांगली दिसणारी कातडीही कापली, खालीही खोल गेले, आणि मांडीची त्वचा घेऊन तिथे लावली. "एवढे कशाला?" असे मी विचारले. ते म्हणाले, "हा खाली किती उतरला आहे ते वरून दिसत नाही." तेव्हापासून दोन प्रश्न माझ्या डोक्यात राहिले. पेशी खाली का उतरतात? आणि बाटलीतला तुकडा फॉर्मॅलिनमुळे मेलेला होता. तो जिवंत ठेवून ही उतरंड डोळ्यांनी पाहता येते का?

आधी पहिल्या आश्चर्याविषयी सांगते. मला वाटले होते की नाडीने कर्करोग होतो हे प्रथमच ऐकत आहोत. तसे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एका अमेरिकन नियतकालिकात लेख लिहिला. लोकांच्या सवयींतून आणि चालीरीतींतून होणाऱ्या कर्करोगांचा तो विचार होता आणि त्यात धोतर घट्ट नेसणाऱ्यांच्या कमरेवरील कर्करोगाचे वर्णन आहे. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही तो नोंदला गेला. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील एक लुगडे नेसणारी होती. वर्षानुवर्षे एकाच जागी घर्षण, तिथे घाम आणि मळ, त्वचा सोलणे, भरणे, पुन्हा सोलणे. न भरणाऱ्या जुन्या जखमेत शेवटी एखादी पेशी बिघडते. आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा पुष्कळ कमी. म्हणूनच तो ओळखायला उशीर होतो.

(जाता जाता एक : आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र कॅन्सरला 'अर्बुद' म्हणतात, मराठीत अर्बुद म्हणजे नुसती गाठ. आणि संस्कृत गणनेत अर्बुद ही एक प्रचंड संख्या! आम्हा हिशेबवाल्यांना तिसरा अर्थच अधिक पटतो, कारण हा रोग म्हणजे मूलतः न थांबणारी बेरीज आहे.)

आता दुसरा प्रश्न. शरीराबाहेर पेशी वाढविण्याला ऊतकसंवर्धन म्हणतात. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील मज्जातंतू शरीराबाहेर वाढताना पाहिला. तो त्यांनी कशात ठेवला होता? गोठलेल्या लसीकेच्या थेंबात. म्हणजे या शास्त्राचा आरंभच थुलथुलीत, जेलसारख्या पदार्थात झाला. पुढे सोय पाहून पेशी काचेच्या आणि मग प्लास्टिकच्या सपाट बुडावर वाढवू लागले. सपाट तबकडीत पेशी मोजता येतात, सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात, खर्चही कमी. बाल्टिमोरच्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी अखंड वाढू लागल्या. 'हेला' नावाने त्या जगभर गेल्या. याच गाय यांच्याकडे पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे शिकल्या. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबईत पीएच.डी. मिळविली होती. परत आल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकलेल्या या बाईंना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. आज संशोधकांना पेशी हव्या असतील तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून त्या मागवता येतात.

परंतु सपाट तबकडीचा हिशेब फसवा ठरतो. प्लास्टिक त्वचेपेक्षा कित्येक हजार पट कडक असते. त्यावर पेशी पापडासारखी पसरते, एका अंगाने बुडाला चिकटते, दुसऱ्या अंगाने द्रवात उघडी. प्रत्येक पेशीला सारखे अन्न, सारखा प्राणवायू, सारखे औषध. शरीरात असे काही नसते. तिथे पेशीच्या चहूबाजूंना शेजारी असतात, कोलॅजेनच्या तंतूंची जाळी असते, आणि वरच्या व खालच्या त्वचेमध्ये एक पातळ पडदा असतो. कर्करोगाची पेशी हा पडदा फोडून खाली उतरते तेव्हाच रोग घातक होतो. सपाट तबकडीला 'खाली' ही दिशाच नाही! मावशीच्या डॉक्टरांना जे वरून दिसत नव्हते ते तबकडीतही दिसले नसते.

म्हणून शास्त्रज्ञ पुन्हा जेलकडे वळले. कृती मला फार आवडली, कारण ती अर्धी स्वयंपाकघरातली वाटते. उंदराच्या शेपटीतील स्नायुबंधांपासून कोलॅजेन काढून ते सौम्य अॅसेटिक आम्लात, म्हणजे जवळजवळ शिरक्यात, विरघळवून बर्फावर ठेवतात. त्यात पोषकद्रव आणि थोडा अल्क मिसळला की पिवळे मिश्रण गुलाबी होते. आम्लता गेल्याची ती खूण. मग पेशी घालून हलक्या हाताने ढवळायचे. बुडबुडा एकही नको. ३७ अंश उष्णतेच्या पेटीत ठेवले की अर्ध्या तासाच्या आत ते थिजते. चायना ग्रासची जेली थंडीत थिजते, ही उबेत थिजते. त्यामुळे काम करणाऱ्याचे हात चपळ हवेत.

त्वचेसाठी आणखी एक पायरी असते. खालच्या त्वचेतील तंतू विणणाऱ्या पेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, आधी जेलमध्ये मिसळतात. त्या तंतू ओढून धरतात आणि काही दिवसांत जेल आक्रसून घट्ट होते. त्यावर वरच्या त्वचेच्या पेशी पेरतात आणि सारे जेल एका जाळीवर उचलून ठेवतात. खालून द्रव, वरून हवा. आपल्या कातडीची स्थिती हीच ना? सुमारे दोन आठवड्यांत पेशी थरावर थर रचतात आणि वरचा थर शिंगासारखा कोरडा होतो. कर्करोगाच्या पेशी पेरल्या तर त्या थर नीट रचत नाहीत. जेलमध्ये खाली घुसतात. मग त्या जेलचे पातळ काप काढून, रंगवून, किती खोल उतरल्या ते मोजतात. मावशीच्या तुकड्याचेही असेच काप काढले असणार.

याहून विलक्षण गोष्ट २००७ साली लंडनच्या संशोधकांनी दाखविली. स्क्वॅमस कर्करोगाच्या पेशी जेलमध्ये बहुधा स्वतः वाट काढत नव्हत्या. पुढे फायब्रोब्लास्ट जात, तंतू सारून बोगदा करीत, आणि कर्कपेशी रांगेने त्यांच्या मागून जात. घरातल्याच माणसाने चोराला वाट दाखवावी तसे. त्याआधी १९९७ साली कॅलिफोर्नियात मिना बिसेल यांच्या गटाने स्तनाच्या कर्कपेशींवर जेलमध्ये प्रयोग केला. पेशी ज्या रेणूने भोवतालाला धरतात त्यांपैकी एक त्यांनी अडविला. त्या पेशी पुन्हा शिस्तीत गोल रचनेत बसल्या. त्यांच्यातील आनुवंशिक बिघाड मात्र तसाच होता. शेजार बदलला की वागणे बदलते, हे मी माणसांच्या बाबतीत ऐकले होते.

औषधांच्या चाचणीतही हाच फरक पडतो. जेलमध्ये पेशींचा गोळा वाढला की प्राणवायू मिलिमीटरच्या पाचव्या भागापलीकडे फारसा झिरपत नाही. बाहेरच्या पेशी वाढतात, आतल्या झोपतात, गाभ्यातल्या मरतात. अनेक औषधे वाढत्या पेशींनाच मारतात, झोपलेल्या वाचतात. तबकडीत गुणकारी दिसलेले औषध जेलमध्ये लंगडे पडू शकते, आणि ते रोग्याला देण्याआधी कळलेले बरे.

तरी जेल म्हणजे मावशी नव्हे. त्यात रक्त वाहत नाही, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मुद्दाम घालाव्या लागतात, आणि बहुतेक जेल काही आठवड्यांपलीकडे टिकत नाहीत. तीस वर्षे रोज एकाच जागी आवळलेली नाडी तर कोणत्याच पेटीत ठेवता येत नाही. रोगाची सुरुवात जिथे झाली तो भाग अजून खानोलकरांच्या पद्धतीनेच, माणसांना विचारून आणि त्यांचे नेसणे पाहून, शोधावा लागतो.

मावशीची जखम भरली आहे. दर तीन महिन्यांनी दाखवायला जावे लागते. परकराला आता नाडी नाही, चार बोटे रुंद कापडी पट्टी आहे, आणि गाठ रोज वेगळ्या बाजूला. शेजारच्या दोघींनी तिच्याकडून तशाच पट्ट्या शिवून घेतल्या. शिलाईचे पैसे मात्र अजून आले नाहीत, असे ती मला फोनवर सांगत होती.