एका नियमाची वाटचाल : विमानप्रवास आणि प्रवाशांची इलेक्ट्रॉनिक उपकरणे

विमान धावपट्टीकडे निघाले की प्रवाशांना सूचना दिली जाते : भ्रमणध्वनी ‘फ्लाइट मोड’वर ठेवावेत, लॅपटॉप बंद करून सुरक्षित ठेवावेत. बहुतेक प्रवासी ही सूचना पाळतात. काही जण तिच्याकडे कानाडोळा करतात. हातातल्या एवढ्याशा यंत्राने अवाढव्य विमानाचे काय बिघडणार, असा प्रश्न त्यांच्या मनात असतो. हा प्रश्न गैर नाही. त्याचे उत्तर साठ वर्षांहून अधिक काळ घडत आलेल्या एका नियमात सापडते. तो नियम कशामुळे जन्मला, त्याने जबाबदारी कोणावर टाकली आणि पुरावा हाती आल्यावर तो कसा बदलला, हे नियम राबविणाऱ्यांनीही समजून घेण्यासारखे आहे.

ऐकणारा रेडिओ, बोलणारा रेडिओ

सहज हाती नेता येतील असे रेडिओ प्रचारात आल्यावर ते प्रवाशांबरोबर विमानातही येऊ लागले. रेडिओ केवळ ऐकण्याचे यंत्र आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः एफएम रेडिओ स्वतःही एक क्षीण लहर निर्माण करतो. इष्ट केंद्र वेगळे काढण्यासाठी त्याच्या आत एक आंदोलक असतो आणि तो सामान्यतः त्या केंद्राच्या कंप्रतेपेक्षा १०.७ मेगाहर्ट्‌झने अधिक कंप्रतेवर चालतो. म्हणजे १०० मेगाहर्ट्‌झवरील केंद्र ऐकणारा रेडिओ ११०.७ मेगाहर्ट्‌झची लहर निर्माण करतो आणि तिचा काही अंश बाहेर झिरपतो.

अडचण येथेच होती. १०८ ते ११८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा विमानांच्या मार्गदर्शनासाठी राखलेला आहे. जमिनीवरील केंद्रे याच पट्ट्यात वैमानिकाला दिशा कळवितात, आणि उतरताना धावपट्टीची मध्यरेषा दाखविणारे संदेशही याच पट्ट्याच्या खालच्या भागात असतात. दूरवरून येणारे हे संदेश विमानापर्यंत पोहोचेतो अतिशय क्षीण झालेले असतात. दूरच्या माणसाचे बोलणे कान देऊन ऐकत असता शेजारी कोणी कुजबुजले तरी शब्द हरवतो, तसाच हा प्रकार. या कारणास्तव अमेरिकेत १९६१ मध्ये उड्डाणकाळात एफएम रेडिओ वापरण्यास मनाई करण्यात आली.

सिद्ध करण्याची जबाबदारी

१९६६ मध्ये या नियमाची व्याप्ती वाढविण्यात आली. एकेका उपकरणाचे नाव घेऊन बंदी घालण्याऐवजी सर्वच सुवाह्य इलेक्ट्रॉनिक उपकरणांना बंदी करून मोजके अपवाद ठेवण्यात आले : श्रवणयंत्र, हृदयगतिनियामक, आवाज मुद्रित करणारे यंत्र आणि विजेवर चालणारे दाढीचे यंत्र. याखेरीज, ज्या उपकरणाने आपल्या विमानाच्या यंत्रणेत व्यत्यय येत नाही असे विमान चालविणाऱ्या कंपनीने ठरविले असेल, तेही चालेल, अशी तरतूद करण्यात आली.

ही तरतूद म्हणजे या नियमाचा गाभा होय. उपकरण निर्धोक आहे की नाही, याचा निर्णय प्रवाशावर सोडला नाही. प्रत्येक नव्या वस्तूसाठी शासनाकडे धाव घेण्याची गरजही ठेवली नाही. विमानाची जबाबदारी ज्याच्यावर, सिद्धतेची जबाबदारीही त्याच्यावर. म्हणूनच १९७९ मध्ये वॉकमन आला, पुढे खेळयंत्रे व लॅपटॉप आले, तरी नियमाचा मूळ साचा बदलावा लागला नाही.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. प्रत्येक उपकरण प्रत्येक जातीच्या विमानात तपासणे खर्चाचे व वेळखाऊ असल्याने कंपन्यांनी सोपा मार्ग पत्करला : विमान सुमारे १०,००० फूट उंची गाठेपर्यंत, आणि उतरताना त्या उंचीखाली, सर्व उपकरणे बंद. उड्डाण व अवतरण यांच्या वेळी वैमानिकावर कामाचा भार सर्वाधिक असतो आणि चूक सुधारण्यास अवधी थोडा असतो, हे त्यामागील कारण होते.

संशय आणि पुरावा

दरम्यान, दिशादर्शक काटा विचलित झाला आणि प्रवाशाचे उपकरण बंद करताच पूर्ववत झाला, अशा आशयाची वृत्ते वैमानिकांकडून येत राहिली. तथापि, तोच बिघाड तपासणीत पुन्हा घडवून आणणे बहुधा शक्य होत नसे. त्यामुळे धोका सिद्ध झाला असे म्हणता येईना आणि तो निराधार आहे असेही म्हणता येईना. अशा स्थितीत सावधगिरी कायम ठेवून अभ्यास चालू ठेवण्यात आला.

जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २८ सदस्यांची समिती नेमली. बहुतेक प्रवासी विमाने अशा उपकरणांच्या लहरी सहन करू शकतात, असा निष्कर्ष तिने काढला. त्यावरून ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी, आपली विमाने निर्धोक असल्याचे दाखवून देणाऱ्या कंपन्यांना उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत उपकरणे वापरू देण्याची मुभा जाहीर झाली. मात्र दाट धुक्यासारख्या कमी दृश्यमानतेत, सुमारे शंभरातील एखाद्या उड्डाणात, उपकरणे बंद करण्यास सांगितले जाऊ शकते, हेही त्यात स्पष्ट करण्यात आले. युरोपने त्याच वर्षअखेरीस, तर भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०१४ मध्ये ‘फ्लाइट मोड’च्या अटीवर अशीच सवलत दिली.

भ्रमणध्वनीवरील निर्बंधाला आणखी एक कारण आहे. उंचावरून एकच भ्रमणध्वनी जमिनीवरील अनेक मनोऱ्यांना एकाच वेळी गाठू शकतो आणि त्यामुळे दूरसंचाराच्या जाळ्यात अडथळा येतो. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९१ मध्ये घातलेली बंदी मुख्यतः यासाठी होती. लॅपटॉप आवरून ठेवण्याचे कारण तर याहूनही साधे आहे : हिसका बसल्यास जड वस्तू उडून इजा होते आणि तातडीने बाहेर पडताना वाट अडते. भारतात २०१८ च्या नियमांनुसार विमानातील इंटरनेट सेवेसाठी भारतीय हद्दीत किमान ३,००० मीटर उंचीची मर्यादा घालण्यात आली होती.

धोका बदलला, नियमही बदलला

लहरींची चिंता कमी झाली, तशी बॅटरीची चिंता वाढली. लिथियम बॅटरीतील एक घट बिघडून तापला की शेजारचा घट तापतो आणि आग पसरत जाते. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसानजवळच्या गिमहे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानाला आग लागली. विमानातील सर्व १७६ जण बाहेर पडू शकले. तपासात पॉवर बँक हे संभाव्य कारण पुढे आले. त्यानंतर १ मार्चपासून त्या देशात पॉवर बँक डोक्यावरील कप्प्यात न ठेवता जवळ बाळगण्याचा नियम लागू झाला.

सुट्या बॅटऱ्या व पॉवर बँक हातसामानातच न्यावयाच्या असतात, त्या विमानाच्या मालकक्षात जाणाऱ्या सामानात ठेवावयाच्या नसतात, यामागेही हेच तत्त्व आहे : आग दिसली तरच विझविता येते. सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तासांची असून १०० ते १६० वॅट-तासांसाठी विमान कंपनीची संमती लागते. पॉवर बँकेवरील मिलिअँपिअर-तासांच्या आकड्याला ३.७ व्होल्टने गुणून १,००० ने भागले असता वॅट-तास मिळतात. २०,००० चा आकडा असलेल्या पॉवर बँकेची क्षमता याप्रमाणे ७४ वॅट-तास होते. शाळेतील विद्यार्थ्यांना हे गणित सहज करून दाखविता येईल. भ्रमणध्वनी आसनाच्या फटीत पडल्यास आसन न हलविता कर्मचाऱ्यास बोलवावे, कारण यंत्र चिरडले गेल्यास पेट घेऊ शकते.

संशयाच्या काळात सावध राहणारा, जबाबदारी नेमकी ठरविणारा आणि पुरावा मिळताच सैल अथवा कडक होणारा नियमच दीर्घकाळ टिकतो. नियमामागील कारण लोकांपर्यंत पोहोचले की त्याच्या पालनासाठी पहारा कमी लागतो. विमानातील छोट्याशा सूचनेमागे हाच अनुभव उभा आहे. तो गावपातळीवरील कारभारालाही तितकाच लागू पडणारा आहे.