विहिरीच्या पाण्यासाठी दुहेरी मडके

पावसाळ्याच्या आरंभी विहिरीत नवे पाणी उतरते. त्याबरोबर काठावरची घाणही उतरते, आणि पटकी, अतिसार, विषमज्वर यांचे जंतू पाण्यात शिरतात. पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्दोष असते, ही समजूत पुष्कळ घरांना महाग पडली आहे.

विहीर शुद्ध करण्याची नेहमीची रीत ग्रामसेवकांच्या परिचयाची आहे. विहिरीच्या व्यासाचा (मीटर) वर्ग करून त्यास पाण्याच्या खोलीने व पुढे ७८५ ने गुणले, म्हणजे पाणी किती लिटर आहे ते कळते. व्यास ३ मीटर व पाणी ४ मीटर असल्यास ते सुमारे २८,००० लिटर भरते. दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे येथे सुमारे ७० ग्रॅम लागेल. ती बादलीत कालवून पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावी व वरची निवळीच विहिरीत सोडावी. तळाचा चुना टाकल्यास पाणी जड होते. त्यानंतर निदान एक तास पाणी उपसू नये. म्हणून हे काम रात्री करणे सोयीचे.

परंतु घरगुती लहान विहिरीत रोज उपसा होतो, नवे पाणी पाझरते, आणि कालचा क्लोरीन आज उरत नाही. रोज औषध घालणार कोण? यासाठी भोके पाडलेले एकच मडके पाण्यात सोडून पाहिले गेले. पण लहान विहिरीत त्यातून क्लोरीन प्रमाणाबाहेर सुटतो. उग्र वासाच्या पाण्याला कंटाळून घरची माणसे ओढ्यावर गेली, तर सगळा खटाटोप व्यर्थच!

यावर उपाय शोधला तो नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने. (१९५८ साली स्थापन झालेल्या या संस्थेस हे नाव १९७४ मध्ये मिळाले.) मातीची दोन उभट मडकी घ्यावी, एक दुसऱ्यात बसेल अशी. प्रत्येकास १ सेंटिमीटरचे एकच भोक असावे: आतल्यास काठाजवळ, बाहेरच्यास बुडापासून ४ सेंटिमीटर वर. १ किलो ब्लीचिंग पावडर व २ किलो भरड वाळू किंचित ओलसर करून आतल्या मडक्यात भोकाच्या ३ सेंटिमीटर खालपर्यंत भरावी. बाहेरच्या मडक्याचे तोंड प्लास्टिकच्या कागदाने घट्ट बांधून ते दोरीने पाण्याखाली निदान १ मीटर सोडावे, म्हणजे बादलीचा धक्का लागत नाही. क्लोरीनला दोन भोकांची वाट काढावी लागते, म्हणून तो सावकाश सुटतो. सुमारे ४,५०० लिटर पाण्याच्या व रोज ३६० ते ४५० लिटर उपसा असलेल्या विहिरीस हे दोन ते तीन आठवडे पुरते. मोठ्या सार्वजनिक विहिरीवर मात्र याचा भरवसा धरू नये. तेथे वरील बादलीची रीतच योग्य.

मडके सोडल्यावर पाणी तपासत राहावे. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकताच येणारी पिवळी छटा रंगपट्टीशी ताडून पाहावी. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा. छटा उमटेनाशी झाली की मिश्रण बदलावे. नव्या मिश्रणानेही ती उमटली नाही, तर दोष बहुधा पावडरीचा असतो. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, पण उघड्या पोत्यात हवा, ऊन व ओल लागून तो उडून जातो.