केवळ आकडा वाढून भागत नाही

न्हावा-शेवा बंदरात उतरलेले कंटेनर ज्या द्रोणागिरीच्या यार्डांत येऊन थांबतात आणि जिथे दूरदूरच्या प्रांतांतून आलेले ट्रकचालक आपली पाळी येईपर्यंत मुक्काम ठोकून असतात, त्या परिसरातील एचआयव्हीवर उपचार घेणाऱ्या वाचकांचा एक प्रश्न मला वारंवार येतो : गोळ्या नेमाने चालू आहेत, व्हायरल लोडही (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) आढळत नाही, मग सीडी-फोर या संरक्षक पेशींचा आकडा झटपट चढवणारे एखादे इंजेक्शन किंवा टॉनिक नाही का? प्रश्न रास्त आहे, आणि वैद्यकशास्त्रानेही तो स्वतःला विचारून पाहिला आहे.

आपल्या श्वेत पेशी परस्परांना वर्दी देतात ती सायटोकाइन नावाच्या सूक्ष्म प्रथिनांकरवी. त्यांपैकी इंटरल्यूकिन-२ पेशींची वृद्धी करते, इंटरल्यूकिन-७ त्यांना तगवून धरते, इंटरफेरॉन-गॅमा क्षयजंतूंना गिळणाऱ्या पेशींना चेतवते, तर इंटरल्यूकिन-६ दाह उत्पन्न करते. एचआयव्हीचा विषाणू आरंभीच आतड्यातील सीडी-फोर पेशींचा संहार करतो. उपचारांनी तो विषाणू दबला, तरी आतड्याच्या अस्तराची झालेली हानी पुरती भरून येत नाही, तेथील जंतूंचे अंश रक्तात झिरपत राहतात, आणि शत्रू वेशीबाहेर हाकलला गेल्यावरही चौकीवरचा नगारा थांबू नये तसा हा दाह मंदपणे, परंतु अखंड चालू राहतो.

इंटरल्यूकिन-२ बाहेरून टोचले तर? एस्प्रिट आणि सिलकाट या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून सुमारे ५,८०० रुग्णांवर हाच प्रयोग झाला. नेहमीच्या औषधांच्या जोडीला ज्यांना हे प्रथिन दिले, त्यांच्या सीडी-फोर पेशी निःसंशय वाढल्या. परंतु २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा असे दिसून आले, की संधिसाधू रोग किंवा मृत्यू यांचे प्रमाण त्यामुळे यत्किंचितही घटले नव्हते, आणि एस्प्रिटमध्ये तर गंभीर दुष्परिणाम अधिक झाले होते. कागदावरचा आकडा आणि अंगातले संरक्षण यांत किती अंतर असू शकते, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. स्मार्ट नावाच्या चाचणीत ज्यांचे उपचार मुद्दाम खंडित केले, त्यांच्या रक्तातील इंटरल्यूकिन-६ महिन्याभरातच वाढले. मृत्यू आणि हृदयविकारही त्यांच्यातच अधिक आढळले. म्हणून दाह आवरण्याचा पहिला उपाय रोजची गोळी न चुकवणे हाच होय. लांबच्या फेरीवर निघणाऱ्या चालकांनी एआरटी (एचआयव्हीविरोधी उपचार) केंद्राला आधी इत्तला द्यावी, म्हणजे पुरेशा गोळ्यांची तजवीज करता येते. तंबाखू, मग ती विडीतली असो वा मशेरीतली, सोडावी. चाळिशी उलटलेल्यांनी रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. भारतासह बारा देशांत झालेल्या रिप्रीव्ह चाचणीत पिटाव्हास्टॅटिन या औषधाने हृदयविकाराच्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये सिद्ध झाले. अर्थात हे औषध कोणास द्यावे हे डॉक्टरांनी ठरवावयाचे; शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून ते आणू नये.

आता त्या टॉनिकविषयी. 'प्रतिकारशक्तिवर्धक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांत लोह, कॅल्शियम वा जस्त असते, आणि उपाशीपोटी घेतल्यास हीच द्रव्ये डोल्युटेग्रॅविर या आपल्या मुख्य औषधाचे शोषण रोखतात. ॲसिडिटीच्या कित्येक औषधांचाही तोच दोष. बळ वाढवण्याच्या नादात खरे बळ देणारे औषधच वाया घालवावे, याला काय म्हणावे! अशी वस्तू घेणे भागच असेल तर एआरटीची गोळी तिच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी, आणि केंद्रातील डॉक्टरांपासून कोणतीही बाटली लपवू नये. क्षयाच्या उपचारांतील रिफॅम्पिसिन चालू असेल, तर डोल्युटेग्रॅविरची मात्राच वाढवावी लागते. म्हणून क्षयाची शंका आणणारा खोकला, मग तो दोन आठवड्यांहून कमी दिवसांचा का असेना, तसेच ताप वा वजनातील घटही तत्काळ सांगावी.

एचआयव्हीवरचे उपचार सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळतात. शंका असल्यास १०९७ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे.